पट्टीवर चढणारं तेल

"चढलं! बोटभर चढलं!"

गाडीतळाच्या टोकाकडून आरोळी उठली आणि हातातला चहा तसाच टाकून सगळे ड्रायव्हर तिकडे पळाले. त्यांच्यामागे पिशव्या सावरत बायका, दप्तरं आपटत पोरं, आणि गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून समोरच्या दुकानातला न्हावी. गर्दीच्या मधोमध एक पांढरी व्हॅन होती. तिचं बोनेट उघडं होतं आणि तिचा मालक इंजिनातून काढलेली लोखंडी पट्टी दोन्ही हातांनी उंच धरून उभा होता. इंजिनात ऑइल किती आहे हे बघायची ती पट्टी. तिच्यावर दोन खुणा असतात. ऑइल या दोन खुणांच्या मध्ये असावं, इतका साधा हिशोब. त्या सकाळी ते वरच्या खुणेच्याही वर, चांगलं बोटभर चढलं होतं.

"थेंबभर नाही घातलं!" मालक ओरडून सांगत होता. "पंधरवड्यात थेंब नाही घातला!"

वापरून वापरून ऑइल कमी होतं, हे शेंबडं पोरही सांगेल. इथे ते वाढत होतं. लोकांनी हात जोडले. एका आजीबाईंनी पट्टीवरचं ऑइल बोटाला लावून कपाळाला लावलं आणि दिवसभर तो काळा डाग मिरवला.

मी शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात असा गोंधळ असता तर मी फळ्यावर डस्टर आपटून सगळ्यांना बसवलं असतं. पण हा रस्ता होता आणि पट्टी उंच धरून उभा असलेला तो व्हॅनवाला माझा सख्खा धाकटा भाऊ होता.

"ताई, ये ना, बघ ना!" तो मला हाक मारत होता. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली.

भीतीचं कारण सांगते. आमच्या वडिलांची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. आठवड्यातून तीनदा त्यांना गावाच्या दुसऱ्या टोकाच्या केंद्रात नेऊन, मशीन लावून रक्त शुद्ध करून आणावं लागतं. बसच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत. भावाची व्हॅन त्यांना आणि त्यांच्यासारख्या आणखी काही जणांना दारातून उचलते आणि दारात आणून सोडते. ती व्हॅन बंद पडली तर बाबांचं काय, या प्रश्नाला आमच्या घरात उत्तर नव्हतं. म्हणून तो कुणी विचारतही नव्हतं.

आता तेलबुवांबद्दल. हे नाव मी ठेवलेलं. लोक नुसतं 'बुवा' म्हणतात. बुवा पूर्वी कुठल्याशा सर्व्हिस स्टेशनवर कामाला होते, तिथून त्यांना काढलं, आणि काढल्यावर त्यांना साक्षात्कार झाला. साक्षात्कार नेहमी नोकरी गेल्यावरच का होतो, हे मला अजून कळलेलं नाही. पांढरेशुभ्र कपडे, आवाज मधासारखा, आणि गाडीच्या डिकीत पिवळ्या कॅनची चळत. कॅनवर ना कंपनीचं नाव, ना आत काय आहे त्याची चिठ्ठी.

"बाळांनो," बुवा म्हणायचे, "इंजिनालाही जीव असतो. तुम्ही त्याला बाजारातलं तेल पाजता, ते मुकाट्याने पितं. माझं तेल जागृत आहे. ते आटत नाही, ते वाढतं. ज्याची श्रद्धा वाढेल, त्याच्या पट्टीवर चढेल!"

त्या पिवळ्या कॅनमधल्या तेलाबरोबर पथ्यंही होती. हल्लीच्या डिझेल गाड्यांना धुराच्या नळीत एक गाळणी बसवलेली असते. काजळी बाहेर न सोडता ती अडवून ठेवते. गाळणी भरत आली की इंजिन जास्तीचं डिझेल घेऊन ती आतून तापवतं आणि काजळी जाळून टाकतं. त्यासाठी गाडी थोडा वेळ सलग, बऱ्या वेगाने पळायला लागते. ते काम अर्धवट राहिलं की समोर एक पिवळा दिवा लागतो. तो गाडी पळवा असं सांगत असतो. बुवांचं पथ्य नेमकं उलटं होतं. दिवा लागला की गाडी जागच्या जागी बंद करायची, उतरायचं, बोनेटवर दोन्ही हात ठेवून डोळे मिटायचे. दुसरं पथ्य, मोठ्या रस्त्याला गाडी न्यायची नाही. "वेग म्हणजे इंजिनाचा क्रोध," असं बुवांचं वचन.

तळावर एक उंच, बोलायला तिरसट ड्रायव्हर होता. तो रोज मोठ्या रस्त्याने शेजारच्या शहरात जाऊन येई आणि गाडीच्या कंपनीने सांगितलेलंच ऑइल घाली. त्याच्या पट्टीवर ऑइल कधी चढलं नाही. 'कोरडा' असं त्याचं नाव पडलं आणि सकाळच्या चहाला त्याला बोलावणं बंद झालं. तळावरची जुनी रीत अशी, की पहिल्या फेरीआधी सगळ्यांनी एकत्र पट्ट्या काढून एकमेकांना दाखवायच्या, म्हणजे कुणाचं ऑइल कमी असेल तर दुसऱ्याने सांगावं. रीत चांगलीच होती. बुवा आल्यापासून तिची परीक्षा झाली आणि कमी पट्टीवाल्याला मान खाली घालावी लागू लागली.

त्या दिवशी दुपारी मी भावाला घरी गाठलं.

"वाढलेलं ऑइल आलं कुठून?"

"ताई, असं विचारायचं नसतं."

"बरं, हे तरी विचारू का? हल्ली डिझेल जास्त लागतंय?"

"लागतंय थोडं. बुवा म्हणाले, इंजिन वाढीला लागलंय, भूक लागणारच."

"वाढीला? ते इंजिन आहे की आठवीतलं पोरगं?"

तो हसला नाही. मीही हसले नाही. शेवटी हातापाया पडून मी त्याच्याकडून बाटलीभर ऑइल काढून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रयोगशाळेत नेलं.

झाकण उघडताच अर्धं उत्तर नाकात शिरलं. डिझेलचा वास. उरलेलं अर्धं उत्तर काढायला शाळेतलीच भांडी पुरली. एका नळीत दुकानातून आणलेलं नवं ऑइल, दुसरीत भावाच्या गाडीतलं. दोन्हींत एकेक बारीक लोखंडी गोळी सोडली. नव्या ऑइलात गोळी सावकाश, रमतगमत खाली गेली. भावाच्या ऑइलात ती धप्पकन तळाला. मग दोन्ही वाळूवर सारखीच तापवली आणि वरून ज्योत फिरवली. नवं ऑइल ढिम्म. भावाच्या ऑइलावर निळसर ज्वाळा भडकून विझली.

म्हणजे चमत्कार असा होता. दिवा लागला की भाऊ गाडी बंद करत होता. काजळी जाळायला घेतलेलं डिझेल जळायचं राहत होतं आणि इंजिनाच्या भिंतींवरून ओघळून खाली ऑइलात मिसळत होतं. काजळी शिल्लक, म्हणून इंजिन पुन्हा प्रयत्न करी, पुन्हा डिझेल घेई, भाऊ पुन्हा गाडी बंद करून डोळे मिटे. पट्टीवर चढत होतं ते डिझेल. ऑइल बिचारं पातळ होत होतं.

भावाकडच्या पिवळ्या कॅनमधलं ताजं तेलही मी चिनी मातीच्या मुशीत घालून पार जळेपर्यंत तापवलं. तळाशी करडी राख राहिली. गाळणीच्या गाड्यांसाठी मिळणारं कमी राखेचं ऑइल शेजारी जाळलं, त्याची राख नावापुरती. गाळणी काजळी जाळू शकते, राख जाळू शकत नाही. ऑइलातली राख तिच्यात बसते ती कायमची. बुवांचं तेल गाळणी नसलेल्या जुन्या गाड्यांसाठीचं होतं. त्याने गाळणी चोंदत होती, त्यामुळे दिवा वारंवार लागत होता, त्यामुळे डिझेल वारंवार खाली उतरत होतं. कॅन आणि पथ्यं मिळून काम चोख करत होती.

मला वाटलं, झालं. आता दाखवायचं आणि सुटायचं. इतकी वर्षं वर्गात उभी राहून मला एवढंच ठाऊक होतं, की दाखवलं की कळतं.

घरी दाखवलं. भाऊ गोळीकडे बघत राहिला. म्हणाला, "ताई, सर्व्हिस सेंटरवाल्यांनी मला काय सांगितलं होतं ठाऊक आहे? नवी गाळणी घाल, नाहीतर गाडी विक. माझ्याशी नीट बोलले फक्त बुवा."

"नीट बोलतो म्हणून त्याचं खरं?"

"मग तुझं तरी खरं मानून काय करू? गाळणी आणून देशील?"

बाबा खाटेवरून सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "पोरी, तू बरोबर असशील. पण मला त्याच्या गाडीत बसायचंय. तुझ्या बरोबर असण्यात बसून केंद्रात जाता येत नाही."

मी अर्ज-विनंत्यांचा मार्गही सोडला नाही. संबंधित कार्यालयातल्या साहेबांनी माझं शांतपणे ऐकून घेतलं. "नुकसान कुणाचं झालं?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही झालं. होणार आहे."

"मग झाल्यावर या," साहेब म्हणाले आणि पुढच्याला बोलावलं.

राहिला तळ. रविवारी सकाळी मी नळ्या, गोळ्या आणि बर्नर घेऊन तिथे गेले. गर्दी जमलीच होती, बुवाही होते. मी गोळ्या सोडल्या. लोकांनी माना पुढे काढून पाहिलं. मी समजावून सांगितलं, आवाज चढवून सांगितलं, मग हळू सांगितलं. शेवटी ऑइल तापवून ज्योत फिरवली. निळी ज्वाळा उठली आणि सगळा तळ "आँ!" करून मागे सरला. वाटलं, जिंकले.

बुवा पुढे आले. माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेले, मी डोकं बाजूला घेतलं.

"बाई, तुमचे उपकार," ते म्हणाले. "आजवर माझं तेल वाढताना लोकांनी पाहिलं होतं. आज तुमच्या हातून त्यांनी त्याचं तेज पाहिलं. बाजारच्या तेलाला ज्योत लागली का? नाही! जागृत तेलाने ज्योत धरली की नाही?"

"धरली! धरली!" तळ गरजला.

मी संतापून ओरडले, "मग तुमच्या स्वतःच्या गाडीत घाला की हे तेल! तुमची गाडी का पेट्रोलची, जिला ही गाळणीच नसते?"

बुवांनी डोळे मिटले, उघडले, आणि भरल्या गळ्याने म्हणाले, "मी अजून त्या योग्यतेला पोचलो नाही, बाई."

लोकांना गहिवरून आलं. मी बर्नर पिशवीत भरला. ज्या प्रयोगाने वर्गातली मुलं दंग होतात, त्याच प्रयोगाने मी बुवांचा धंदा वाढवून दिला होता. त्या दिवशी पिवळे कॅन संपले म्हणतात.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. बाबांच्या मशीनचा दिवस होता. भावाने त्यांना घरून आणलं होतं आणि सकाळच्या पट्ट्या दाखवायला तळावर थांबला होता. बाबा मागच्या सीटवर, मी त्यांच्या शेजारी. माझं न ऐकणाऱ्या माणसाच्या गाडीत मी बसले होते, कारण बाबांना एकटं पाठवायची माझी छाती होत नव्हती. पट्टी पाहिली, ऑइल आणखी चढलेलं. टाळ्या झाल्या. भावाने बोनेट लावलं, चावी फिरवली, इंजिन सुरू झालं.

आणि मग त्याचा वेग आपोआप वाढायला लागला. भावाचा पाय पेडलवर नव्हता तरी आवाज चढत गेला, चढत गेला, किंकाळीसारखा झाला. मागून पांढऱ्या धुराचा लोट उठला. भावाने घाबरून चावी फिरवली. इंजिन थांबेना. त्याने चावी उपसून हातात घेतली. इंजिन चालूच.

"चावीशिवाय चालतंय!" कुणीतरी ओरडलं. "अरे, चावीशिवाय!"

तळ धावत आला. लोकांनी धुरातच हात जोडले. बुवा दोन्ही हात वर करून उभे होते. "हात लावू नका! जागृत झालंय!"

मला कळलं काय चाललंय. पातळ होऊन वर चढलेलं ऑइल हवेच्या वाटेने इंजिनाच्या तोंडात खेचलं जात होतं आणि इंजिन स्वतःचंच ऑइल पेटवून पळत होतं. चावीने बंद होतं ते टाकीतलं डिझेल. पोटातलं ऑइल कुठली चावी बंद करणार?

"शेवटचा गिअर टाक!" मी भावाला ओरडले. "ब्रेक दाबून धर आणि क्लच सोड! ओझ्याखाली बंद पडेल!"

त्याचा हात गिअरवर गेला. मी पाहिलं. मग त्याने काचेतून बुवांकडे पाहिलं. बुवांनी मान हलवली, नाही म्हणून. भावाचा हात गिअरवरच राहिला.

मी बाबांना काखेत धरून ओढत बाहेर काढलं. न्हाव्याने पुढे होऊन त्यांचे पाय उचलले. आम्ही त्यांना दुकानाच्या बाकावर टेकवतो तोच आत काहीतरी तुटल्याचा जाड, बोथट आवाज झाला. इंजिन थांबलं. गाडीखालून काळं पाणी पसरावं तसं ऑइल पसरलं आणि सगळीकडे डिझेलचा वास सुटला. आता तो सगळ्यांना आला.

भाऊ चावी हातात घेऊन खाली उतरला. बुवा म्हणाले, "मुक्त झालं." पण आवाज मधासारखा नव्हता, आणि ते त्यांच्या पेट्रोलच्या गाडीकडे बरेच भराभर चालत गेले.

मग ड्रायव्हर लोक धावले. माणसं वाईट नव्हती हो, एकही वाईट नव्हता. "काका, माझ्या गाडीत बसा." "माझी पुढेच आहे, काका, चला." भाऊ पहिल्या गाडीपाशी गेला. त्याने बोनेट उघडायला लावलं, पट्टी काढली, नाकाला लावली आणि परत ठेवली. दुसरीची काढली. तिसरीची. प्रत्येक पट्टीवर तेच, खुणेच्या वर. प्रत्येक ड्रायव्हर त्याच्या तोंडाकडे बघत होता. भाऊ पुढे जात होता. ओळीच्या शेवटी पोचला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतक्या गाड्या उभ्या होत्या आणि बापाला बसवावं अशी एक नव्हती. कोरडा तेवढा सकाळीच शेजारच्या शहरात गेला होता.

"मिळाली का रे गाडी?" बाबांनी बाकावरून विचारलं.

आम्ही त्यांना बसने नेलं. पायऱ्यांवर भावाने मागून आणि मी पुढून त्यांना उचललं. मध्ये बस बदलावी लागली, तिथे पुन्हा उचललं. पोचलो तोवर त्यांचं मशीन दुसऱ्याला लावलं होतं. नर्सबाईंनी हात जोडून सांगितलं की आज अर्धाच वेळ मिळेल. व्हॅनमधून येणारे बाकीचे त्या दिवशी आलेच नाहीत. बाबांचे पाय आठवडाभर सुजलेले होते. आता कोरडा, ज्याला कुणी चहाला बोलवत नव्हतं, तो शहराला जाताना कधी कधी बाबांना सोडतो. त्याला जमेल त्या दिवशी. जमत नाही त्या दिवशी आम्ही पायऱ्या चढतो.

बुवांना पकडलं, शिक्षा झाली, असं लिहायला मला फार आवडलं असतं. तसं काही झालं नाही. ते पलीकडच्या तळावर गेले. आमच्या बाबतीत त्यांचं म्हणणं असं की शिष्याने जागृत तेल नास्तिक बहिणीच्या हाती दिलं, म्हणून कोप झाला. आमच्या तळावरच्या काहींना ते पटलं आहे. मी समजवायला गेले तर ते मला खुर्ची देतात, चहा देतात आणि ऐकून घेतात.

म्हणून इथे, ज्यांना मी ओळखत नाही अशांना सांगते. डिझेलच्या गाडीला गाळणी असेल तर गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलेलं, गाळणीसाठीचं कमी राखेचं ऑइलच घाला. नाव नसलेल्या कॅनमधलं घालू नका, ते कितीही गोड बोलून दिलेलं असो. गाळणीचा दिवा लागला तर जपून पण सलग गाडी पळवा. तरीही दिवा विझत नसेल तर दुरुस्तीला न्या. पट्टीवर ऑइल वाढलं तर गाडी सुरू करू नका, ते काढून टाका आणि ते का वाढलं याचा छडा लावा. यात श्रद्धेचा काही संबंध नाही. न घालता काही वाढत नाही, इंजिनात नाही आणि जगात कुठेच नाही.

हे सगळं मी वेळेआधी सांगितलं होतं, करून दाखवलं होतं, आणि त्याचा माझ्या वडिलांना काडीइतका उपयोग झाला नाही. तुमची गाडी अजून धड आहे. उठा, आत्ता जाऊन पट्टी बघा.